जुळते!

मराठीत काही शब्द असे आहेत की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ‘जुळते’ हा त्यांतलाच एक. हिशेब जुळला, सूर जुळला, मने जुळली, पत्रिका जुळली! जुळले म्हटले की ऐकणारा सुटकेचा निःश्वास सोडतो आणि चहाचे आधण ठेवायला सांगतो. कशाशी जुळले, किती जुळले, आणि जुळले हे ठरवले कुणी, असे विचारीत बसणारा माणूस चारचौघांत नकोसाच होतो. लग्नघरात तर फारच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. गुरुजी आले, कूलरच्या वाऱ्याने उडणाऱ्या पत्रिका त्यांनी तांब्याखाली दाबून ठेवल्या, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, “जुळते. छत्तीसपैकी सव्वीस गुण.” त्याच आठवड्यात मी माझ्या कादंबरीतले कोर्टाचे प्रकरण लिहीत होतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बंदुकीचा तज्ज्ञ उभा होता. सरकारी वकील विचारतात, “आरोपीजवळ सापडलेले पिस्तूल आणि मृताच्या देहातली गोळी यांचा काही संबंध?” तज्ज्ञ म्हणतो, “होय, जुळते.” या एका शब्दावर माझा नायक जन्मठेपेला जाणार होता. रात्री ते पान मी बायकोला वाचून दाखवले. तिने विचारले, “किती?”

“किती म्हणजे?”

“गुरुजींनी निदान छत्तीसपैकी सव्वीस तरी सांगितले. तुमचे हे साहेब नुसतेच जुळते म्हणतात.”

मी काही शास्त्राचा माणूस नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. मुलांना मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा उद्योग. पण ‘किती?’ असे विचारायला पदवी लागत नाही, आणि उत्तर शोधायला नागपूरचा सारा पावसाळा हाताशी होता. त्या शोधात जे सापडले ते इथे सांगावेसे वाटते.

पिस्तुलाची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मळसूत्री पन्हळी कापलेल्या असतात. त्यांतून जाताना गोळी भोवऱ्यासारखी गरगरते आणि म्हणूनच सरळ जाते. गोळी नळीच्या मानाने किंचित जाड असते. ती नळीतून जाते म्हणण्यापेक्षा रेटली जाते, आणि रेटली जाताना नळीतल्या साऱ्या उंचसखलपणाचे ओरखडे अंगावर घेऊन बाहेर पडते. मागे उरलेल्या पितळी पुंगळीवरही खुणा राहतात. काडतुसाच्या बुडाशी जी टोचणी आदळते तिचा खळगा, स्फोटाच्या धक्क्याने पुंगळी मागच्या पोलादावर आपटते त्याचा ठसा, आणि पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या आकड्याचा ओरबाडा.

यांतल्या काही खुणा गणवेशासारख्या असतात. पन्हळी किती, त्या उजवीकडे वळतात की डावीकडे, त्यांची रुंदी किती, हे सारे कारखान्याने ठरवलेले. एका बनावटीच्या हजारो पिस्तुलांत ते सारखेच असणार. गणवेशावरून मुलगा कोणत्या शाळेचा ते कळते, वर्गातली काच कुणी फोडली ते कळत नाही. त्यासाठी तज्ज्ञ बारीक ओरखड्यांकडे वळतो. हे ओरखडे त्या एकाच नळीचे, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे, असे या विद्येचे गृहीत आहे.

हे गृहीत मी आमच्या शेजाऱ्यांना ऐकवले. नागपूर संत्र्यांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याच्या आसपास दारूगोळ्याचे कारखाने काही थोडे नाहीत. भंडाऱ्याला एक आहे, भद्रावतीला एक आहे, आणि अंबाझरीला १९६६ पासूनचा एक आहे. आमच्या शेजाऱ्यांनी अंबाझरीला उभे आयुष्य लेथपुढे काढले. पिस्तुले त्यांनी कधी घडवली नाहीत. पण पोलाद पोलादाला कसे कापते हे त्यांच्याइतके मला कुणी सांगणार नव्हते.

“मास्तर,” ते म्हणाले, “हत्याराले दात असतात. दात झिजतो, तुटतो, हे खरं हाय. पन दोन नगांच्या मधात तो किती झिजन? पहिला नग अन् दुसरा नग हातात घेऊन पाहा, सख्खे भाऊ दिसतीन. पन्नासावा पाहाल तं चुलत भाऊ वाटन. तुमच्या त्या साहेबाले सख्खा भाऊ वळखू येते का, ते पयले इचारा.”

पुढे वाचनात आले की, शेजाऱ्यांची ही शंका तज्ज्ञांनाही ठाऊक आहे. एकाच हत्याराने पाठोपाठ कापलेल्या नळ्यांवर काही खुणा सारख्याच उतरतात. त्यांना गणवेशही म्हणता येत नाही आणि एकट्या नळीचा ठसाही म्हणता येत नाही. अशा खुणा ओळखून बाजूला काढणे हीच या धंद्यातली कसोटी.

ओरखडे ताडून पाहण्याचे मुख्य यंत्र जवळजवळ शंभर वर्षांचे आहे. १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्व्हिन गॉडर्ड यांनी दोन सूक्ष्मदर्शक यंत्रे एका पुलाने जोडून ते सिद्ध केले. डोळा एकाच भिंगाला लावायचा. अर्ध्या वर्तुळात गुन्ह्यातली गोळी दिसते, उरलेल्या अर्ध्यात त्या पिस्तुलातून मुद्दाम झाडून पाहिलेली. मग एक हळूहळू फिरवीत जायचे. रेषा मधल्या सीमेवरून अखंड पलीकडे गेल्यासारख्या दिसू लागल्या की जुळले! आपल्याकडे कलकत्ता पोलिसांनी १९३० मध्ये शस्त्रतज्ज्ञ नेमून छोटी प्रयोगशाळा उघडली. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात पंजाबातल्या फिल्लौरच्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञाने बेरेटा पिस्तुलाबद्दल साक्ष दिली, ती याच विद्येच्या आधाराने.

आता बायकोच्या प्रश्नाकडे वळू. किती रेषा जुळल्या म्हणजे जुळले? या तज्ज्ञांची अमेरिकेत एक मोठी संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे दोन खुणांत ‘पुरेसे साम्य’ असले पाहिजे. पुरेसे म्हणजे किती? तज्ज्ञाच्या शिक्षणाला आणि अनुभवाला पुरेसे वाटेल तितके! गुरुजींच्या छत्तीस गुणांना निदान अठराची एक रेषा असते. इथे तीही नाही. यंत्र दोन चित्रे शेजारी ठेवते आणि गप्प बसते. बोलतो तो माणूस.

माणूसच बोलत असेल तर दोन माणसांत मतभेद होणारच. आपल्या महाराष्ट्रात तो झाला, आणि तोही साऱ्या राज्याला जिव्हारी लागलेल्या खुनाच्या तपासात.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच दिवशी दुसऱ्याच एका प्रकरणात शस्त्रांच्या धंद्यातले दोघे जण ठाण्याच्या पोलिसांच्या हाती लागले. त्यांच्या प्रकरणातल्या एका पिस्तुलाच्या खुणा पुण्यातल्या पुंगळ्यांशी जुळतात, असा मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. मुदतीत आरोपपत्र आले नाही, त्यांना जामीन मिळाला, आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने पुढे जे आरोपी न्यायालयापुढे उभे केले त्यांत हे दोघे नव्हते.

मग १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारातच मारण्यात आले. तिन्ही ठिकाणी वापरलेली शस्त्रे एकच होती काय, हा प्रश्न उभा राहिला. तो लहान नव्हता. शस्त्र एक असेल तर हात कदाचित एक, आणि हात एक असेल तर तपासाची दिशाही एक. गोळ्या आणि पुंगळ्या बंगळूरच्या प्रयोगशाळेने पाहिल्या, मुंबईच्या प्रयोगशाळेनेही पाहिल्या. त्यांचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत. २०१६ मध्ये अन्वेषण विभागाने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले की, आता लंडनच्या स्कॉटलंड यार्डचे मत घ्यावे असे आम्ही म्हणतो. न्यायालय वाट पाहत राहिले, तारखा पडत राहिल्या. पुढे कळले की दोन देशांमध्ये तसा करार नसल्यामुळे स्कॉटलंड यार्डकडून मत येणार नाही. मग ते काम गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेले.

मुंबई, बंगळूर, लंडनचे बंद दार आणि गुजरात! चार बोटांत मावणाऱ्या पितळेच्या तुकड्यांनी केवढी यात्रा केली! आणि त्या यात्रेत दिवस गेले. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना एकेक दिवस कसा जातो ते मी लिहायला नको. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. त्या निकालाचा मुख्य आधार पुलावरचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. त्यांत पुणे महापालिकेचा एक सफाई कामगार होता. हातात झाडू घेऊन सकाळी कामावर आलेल्या माणसाचे डोळे उपयोगी पडले, आणि भिंगाला लावलेले डोळे आपसांत वाद घालीत राहिले.

यात कुणी अप्रामाणिकपणा केला असे मला म्हणायचे नाही. दोन प्रामाणिक परीक्षकांनी एकच निबंध तपासला तर एक दहापैकी सात देतो आणि दुसरा पाच. हे मी दरवर्षी पाहतो. म्हणून निबंध वाईट ठरत नाही आणि परीक्षकही चोर ठरत नाहीत. फक्त ‘सात’ हा आकडा देवाने दिलेला नाही, एवढे ध्यानात येते.

पण ज्यांच्या खुनाचा हा तपास चालला होता ते डॉक्टर या प्रसंगी काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनातून जाईना. कारण अशा प्रसंगी काय करायचे असते ते त्यांनी स्वतः करून दाखवले होते. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, पत्रिका मांडल्या आणि मिसळून टाकल्या. परीक्षा देणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका पाठवल्या. कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, एवढेच त्याने सांगायचे. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. त्यांतल्या सर्वांत वरच्या क्रमांकाच्या गृहस्थांना चाळीसपैकी चोवीस गुण मिळाले. सर्वांची सरासरी मात्र नाणे उडवून मिळाली असती तिच्याही पुढे गेली नाही.

या परीक्षेत ज्योतिषांशी वाद घातलेला नाही. त्यांच्या शास्त्राची उपपत्ती बरोबर की चूक, यात कुणी शिरले नाही. फक्त ज्याचे खरे उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला आणि उत्तरे मोजली. कोणत्याही विद्येला हाच प्रश्न घालता येतो. बंदुकीच्या विद्येलाही.

तसा तो घातला गेला आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स येथे एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिने २०१४ मध्ये एक परीक्षा घेतली. एकाच बनावटीची पंचवीस नवी पिस्तुले घेतली, त्यांतून काडतुसे झाडली आणि पुंगळ्यांचे संच करून २१८ तज्ज्ञांकडे पाठवले. १०९० वेळा दोन्ही बाजूंच्या पुंगळ्या एकाच पिस्तुलाच्या होत्या. त्यांतल्या १०७५ तज्ज्ञांनी बरोबर ओळखल्या. चार वेळा मात्र ‘जुळत नाही’ असे चुकून सांगितले. हा निकाल पाहून मला अगदी मोकळेपणाने टाळी वाजवावीशी वाटली. नाणेफेक कुठे आणि हे कुठे! बंदुकीच्या तज्ज्ञाला ज्योतिषाच्या पंक्तीला बसवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्या हातात विद्या आहे, यात शंका नाही.

पण पुढचा कागद पाहा. २१८० वेळा दोन्ही बाजूंच्या पुंगळ्या वेगवेगळ्या पिस्तुलांच्या होत्या. त्यांतल्या २२ वेळा तज्ज्ञांनी ‘जुळते’ म्हणून सांगितले. हीच ती चूक, जिच्यापायी निरपराध माणूस तुरुंगात जातो. २१८० मध्ये २२ म्हणजे शेकडा एक. ठीक आहे, आपण म्हणू. पण आणखी ७३५ वेळा त्यांनी ‘सांगता येत नाही’ असे उत्तर दिले होते. त्या ७३५ चे काय करायचे?

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. समजा, शंभर प्रश्नांची परीक्षा आहे. एका पोराने कठीण वाटलेले तेहेतीस प्रश्न कोरे सोडले, उरलेल्यांत एकच चुकला, आणि तो म्हणतो, “सर, माझी चूक शंभरात एक.” मी त्याला म्हणेन, “बाळ, तू सोडवलेस सदुसष्ट. त्यांत एक चुकलास.” २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागार मंडळाने नेमके हेच म्हटले. कोरी उत्तरे वगळली तर दर सहासष्ट निर्णयांत एक चूक येते. आणि एका परीक्षेवरून काढलेल्या आकड्याला जी ढील द्यावी लागते ती दिली, तर ती सेहेचाळीसात एक असण्याचाही संभव राहतो. त्या वेळेपर्यंत मंडळाच्या मते नीट बेतलेली अशी ही एकच परीक्षा होती. आणखी एक गोष्ट अशी की, त्या बावीस चुकांपैकी वीस चुका पाचच तज्ज्ञांनी केल्या होत्या. म्हणजे चूक ही त्या विद्येत साखरेसारखी सारखी विरघळलेली नाही. ती काही हातांत अधिक आहे. तुमच्या खटल्यात कोणता हात येतो, हे तुमच्या नशिबावर!

त्याच कागदात आणखी एक आकडा आहे, तो मला अधिक बोलका वाटला. पुंगळ्या एकाच पिस्तुलाच्या होत्या तेव्हा ‘सांगता येत नाही’ हे उत्तर १०९० पैकी अकराच वेळा आले. वेगळ्या होत्या तेव्हा मात्र तिसरा हिस्सा उत्तरे ‘सांगता येत नाही’ अशी आली. जुळत असेल तर तज्ज्ञ बेधडक सांगतो. जुळत नसेल तर ‘जुळत नाही’ म्हणताना त्याची जीभ अडखळते. आरोपीच्या पिंजऱ्यात जो निरपराध उभा आहे त्याला ‘जुळत नाही’ हे दोनच शब्द हवे असतात; आणि त्याच्या वाट्याला संदिग्ध मौन येते.

याच संस्थेने पुढे आणखी मोठी परीक्षा घेतली. तिच्यात ‘जुळते’ म्हणण्याची चूक शेकडा एकाहून कमी आली. ‘सांगता येत नाही’ ही उत्तरे तेव्हाही पुष्कळ होती. पण तीत एक खाशी युक्ती होती. काही महिन्यांनी तेच संच त्याच तज्ज्ञांकडे, तुम्ही हे पाहिले आहेत असे न सांगता, पुन्हा पाठवले. पुष्कळांनी आपलेच पहिले उत्तर बदलले. ‘जुळते’चे ‘सांगता येत नाही’ झाले, ‘सांगता येत नाही’चे ‘जुळत नाही’ झाले. दुसऱ्या तज्ज्ञाकडे तोच संच गेला तेव्हा मतभेद याहून वाढले. मुंबई आणि बंगळूर यांच्या भांडणाचे मला मग नवल वाटेनासे झाले.

परीक्षेत बसलेल्या माणसाला आपण परीक्षेत आहो हे माहीत असते. तो जपून लिहितो. प्रत्यक्ष कामात तसे नसते. तिथे पिस्तुलाबरोबर पोलिसांचे पत्र येते आणि कोण पकडला गेला, त्याच्याजवळ काय सापडले, हे त्यात लिहिलेले असू शकते. आमच्या बोर्डाच्या पेपरांवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांकही झाकलेला असतो. आम्ही मास्तर लबाड आहोत म्हणून तो झाकलेला नसतो. नाव दिसले की डोळा बदलतो, हे जुन्या जाणत्यांना माहीत होते. मग गोळी तपासणाऱ्याचे डोळे आपण अधिक पवित्र का मानावेत? एका तज्ज्ञाचे मत दुसऱ्याने पडताळायचे असेल तर पहिल्याचे मत त्याला कळता कामा नये, ही साधी शिस्त आहे. आमच्या मॉडरेटरला पहिल्या परीक्षकाचे लाल शाईतले गुण दिसतात, आणि त्याचा लाल शाईवर किती विश्वास बसतो हे मी पाहिले आहे.

‘शेकडा एक’ हे ऐकायला फार थोडे वाटते. ते कुणाच्या वाट्याला आले हे कळले की थोडे वाटत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची पोलीस प्रयोगशाळा २००८ मध्ये बंद करावी लागली. बंदुकीच्या दोनशे प्रकरणांची फेरतपासणी केली तेव्हा एकोणिसांत चुका निघाल्या. अलाबामा राज्यातला अँथनी रे हिंटन हा काळा, गरीब माणूस. १९८५ मध्ये दोन खून झाले आणि त्याच्या आईच्या घरातले जुने रिव्हॉल्व्हर गोळ्यांशी जुळते असे सरकारी तज्ज्ञांनी सांगितले. त्याला खुनाशी जोडणारा दुसरा भक्कम दुवा नव्हता. त्याच्या वकिलाने पैशाच्या अडचणीमुळे जो तज्ज्ञ उभा केला तो एका डोळ्याने अधू होता आणि उलटतपासणीत त्याची फटफजिती झाली. हिंटनला फाशीची शिक्षा झाली. २००२ मध्ये तीन नामांकित तज्ज्ञांनी सांगितले की, या गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरशी जुळवता येत नाहीत. तरीही तो एप्रिल २०१५ मध्ये बाहेर आला. जवळजवळ तीस वर्षे! त्याची आई त्याआधीच गेली होती.

गांधीजींच्या खुनातली तज्ज्ञाची साक्ष आणि ही साक्ष यांत फरक एकच. बिर्ला भवनात मारेकरी जागच्या जागी, सर्वांच्या डोळ्यांदेखत धरला गेला होता. तिथे गोळीने फक्त मान डोलावली. हिंटनच्या खटल्यात गोळी एकटीच बोलत होती. चार खांबांवरच्या मांडवाचा एक खांब किंचित कच्चा असला तर मांडव पडत नाही; सारा मांडव एकाच खांबावर उभारला असेल, तर त्या खांबाची परीक्षा फार कडक हवी.

आपल्याकडे ती अधिकच कडक हवी. अमेरिकेतले आकडे कारखान्यात बनलेल्या नव्या, एकसारख्या पिस्तुलांचे आहेत. आपल्या गुन्ह्यांत पुष्कळदा गावठी कट्टा असतो. कुठल्याशा खोपटात, मिळेल त्या नळीचा, कानशीने घासून घडवलेला! दाभोलकरांच्या खुनातले शस्त्रही गावठीच होते. अशी नळी कधी आतून गुळगुळीतच असते, कधी गोळीपेक्षा सैल असते. मग गोळी तिला धड घासत नाही आणि पाठोपाठच्या दोन गोळ्यांवरही खुणा सारख्या उमटतील असा भरवसा राहत नाही. उलट टोचणी हाताने घडवलेली असल्यामुळे पुंगळीवरचा खळगा एखाद्या वेळी फारच वेगळा, ओळखू येण्याजोगा निघतो. म्हणजे अमेरिकेचा शेकडा एक आपल्या गावठी कट्ट्याला जसाच्या तसा लावता येत नाही, वरच्या बाजूनेही नाही आणि खालच्या बाजूनेही नाही.

माझे एक वकील मित्र आहेत. त्यांना मी विचारले, कोर्टात हे सगळे निघते का? ते हसले. सरकारी प्रयोगशाळेच्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल, तो अधिकारी स्वतः हजर नसला तरी, पुराव्यात वाचता येतो. ही सोय जुन्या फौजदारी संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. न्यायालयाला वाटले तर तज्ज्ञाला बोलावता येते. पण बोलावून त्याला काय विचारायचे हे वकिलालाच ठाऊक नसेल, तर बोलावणार कोण? नव्या कायद्याने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत प्रयोगशाळेच्या माणसाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे ‘जुळते’ हा शब्द आता अधिक वेळा ऐकू येणार, आणि म्हणून तो अधिक जपून उच्चारला गेला पाहिजे.

जपून म्हणजे कसा? अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एक वाट दाखवली. गोळीवरच्या खुणा या पिस्तुलाशी विसंगत नाहीत, एवढे तज्ज्ञाने सांगावे. ही गोळी याच पिस्तुलातून सुटली असे निश्चयाने सांगू नये, कारण तेवढा निश्चय त्याच्या विद्येने अजून सिद्ध केलेला नाही. या निकालाने तज्ज्ञाची अप्रतिष्ठा झाली असे काहींना वाटले. मला उलट वाटते. जो डॉक्टर शस्त्रक्रियेआधी धोका किती तो सांगतो त्याच्याच हाती आपण निर्धास्तपणे देह सोपवतो.

नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि हे शास्त्र शिकवणारी शासकीय संस्थाही आहे. एखाद्या वर्षी आमच्या शाळेतून गेलेले एखादे पोर तिथे प्रवेश घेईल आणि पेढे घेऊन माझ्याकडे येईल. त्या वेळी त्याला सांगायचे मी ठरवून ठेवले आहे. बाबा रे, तुझ्या भिंगाखाली पितळेचा तुकडा असेल आणि बाहेर दोन घरे वाट पाहत असतील. एकाचा माणूस गेलेला असेल, दुसऱ्याचा जाण्याच्या वाटेवर असेल. पोलिसांना घाई असेल, वर्तमानपत्रांना त्याहून अधिक असेल. जुळत असेल तर जुळते म्हण, आणि या कामात तुझ्यासारख्यांचे शंभरात किती चुकतात तेही त्याच कागदावर लिही. जुळत नसेल तर तितक्याच ठणठणीत आवाजात जुळत नाही म्हण. आणि सांगता येत नसेल त्या दिवशी, साऱ्या गावाने तोंडाकडे पाहिले तरी, सांगता येत नाही असेच लिहून खाली सही कर. त्या सहीला कुणी हार घालणार नाही. पण एखाद्या घरातला माणूस तिच्यामुळे संध्याकाळी घरी जेवायला असेल.